गुरुवारची पारख

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला ओळखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वडील म्हणायचे, ही पोरगी मिरचीच्या वाफ्यात सापडली. अशा बाईनं उमेदीची दहा-बारा वर्षं राग सोडून दिलेल्या माणसांत काढली असं सांगितलं, तर लोक हसतात. हसू देत. ती माझी सुखाची वर्षं होती.

वडील एरंडोलला शाळामास्तर होते. आम्ही घरचे ख्रिस्ती. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती, मी शिक्षिकेची परीक्षा देऊन घरी बसले होते, आणि माझं लग्न दोन ठिकाणी जुळता जुळता माझ्याच तोंडापायी फिसकटलं होतं. अशात कळलं की धुळ्याहून शिंदखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर धर्मशास्त्राची एक छोटी शाळा आहे, तिथं मराठीची बाई हवी आहे. वडिलांनी चौकशीला जाऊ म्हणून मला नेलं आणि ट्रंकेसकट सोडूनच आले.

तिथली मंडळी ख्रिस्त्यांतल्या मेनोनाइट पंथाची. हा शब्द आमच्या भागात कुणाच्या जिभेवर बसला नाही. आजूबाजूच्या गावांत त्यांना ‘शपथ न घेणारे’ म्हणत. खरंच ते शपथ घेत नसत. ‘हो’ म्हणजे हो आणि ‘नाही’ म्हणजे नाही, त्यावर देवाला साक्षीला कशाला ओढायचं, असं त्यांचं म्हणणं. हत्याराला हात लावायचा नाही, बाप्तिस्मा कळत्या वयातच घ्यायचा, आणि पवित्र भोजनाच्या दिवशी एकमेकांचे पाय धुवायचे. चारशे वर्षांपूर्वी यांच्या पूर्वजांना याच गोष्टींसाठी युरोपात तुरुंगात घातलं होतं, बुडवून मारलं होतं. ते सगळं ही माणसं सांगत मात्र अशी, की जणू गेल्या आठवड्यात शेजारच्या आळीत घडलं.

तिथले मुख्य अभ्यासक गोरे होते, साठी उलटलेले. सगळे त्यांना आबा म्हणत आणि ते ओ देत. दूधवाला रोज सकाळी ‘देवाशप्पथ, पाण्याचा थेंब नाही’ म्हणे. आबा हात जोडून म्हणत, ‘भाऊ, शपथ नको. नुसतं सांगा.’ नुसतं सांगायची त्या बिचाऱ्याला सवयच नव्हती. तो चाचरायचा, मान खाली घालायचा. चार-आठ दिवसांत दूध खरोखर दाट यायला लागलं. मला हे फार आवडलं.

शाळा म्हणजे तीन कौलारू इमारती, एक विहीर, लिंबाची झाडं आणि ग्रंथालय. ग्रंथालयात एक लांब टेबल होतं. त्याच्याशी बसून तिघं अभ्यासक आपापलं संशोधन करायचे. आबा पूर्वजांनी तुरुंगातून लिहिलेली जर्मन पत्रं वाचत आणि पाय धुण्याच्या चालीचा माग काढत. एक तरुण परदेशी शपथेवर लिहीत होता. छत्तीसगडकडून आलेले एक भाऊ बाप्तिस्म्याचं वय कोणतं असावं यावर गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांना विचारत हिंडत. बाहेर उन्हात कपाशी तडकत असायची आणि आत ही तीन माणसं सोळाव्या शतकात बसलेली. पहिल्या महिन्यात मला वाटलं, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातलाच हा प्रकार. मग मी गुरुवारची पारख पाहिली आणि माझं मत बदललं.

पारख म्हणजे काय ते सांगते. जो काही अभ्यास झाला असेल तो लिहिणाऱ्यानं गुरुवारी दुपारी, चहानंतर, सगळ्यांसमोर वाचायचा. सगळे म्हणजे सगळे. अभ्यासक, विद्यार्थी, माळी, झाडूवाली, स्वयंपाकीण. लिखाण मराठीत पाहिजे, तेही माळ्याला कळेल असं. ‘माळ्याला कळलं नाही, तर ते लिहिणाऱ्यालाच कळलेलं नाही,’ असं आबा म्हणत. वाचून झालं की आबा तीनदा विचारत, ‘कुणाला काही म्हणायचं आहे?’ दर वेळी बराच वेळ थांबत. तिन्ही वेळा कुणी बोललं नाही, तर लिखाण मंडळीला मान्य. एक जरी माणूस हरकत घेऊन उठला तरी लिखाण बाहेर जाणार नाही, छापणार नाही, वार्षिक मेळाव्यात वाचणार नाही. देवाचं म्हणणं एकट्या पंडिताच्या डोक्यात येत नाही, ते सगळ्यांच्या मधून येतं, हा त्यामागचा विचार. तो मला पटला. अजून पटतो.

इंग्रजीतलं मराठीत आणायचं काम माझं. मी भिंतीकडेच्या बाकावर बसायचे. दोन वर्षांत मी इतकं भाषांतर केलं, की शपथेविषयी त्या तरुणापेक्षा मलाच जास्त कळतं असं मला वाटू लागलं. एकदा त्याच्या निबंधातली चूक मी त्याला जरा चढ्या आवाजात दाखवली. आमच्याकडे रीत अशी, की शनिवारी सकाळी प्रार्थनेनंतर ज्याचा कुणाशी खटका उडाला असेल, त्यानं त्या माणसाकडे जाऊन मोकळं व्हायचं. माझी शनिवारची फेरी सगळ्यांत लांब असायची. त्या शनिवारी आबांनी मला थांबवलं आणि म्हणाले, ‘तुम्ही दुसऱ्यांचं पुष्कळ लिहिलंत. आता स्वतःचं लिहा. पारखीत मान्य झालं, तर ते मेळाव्यात वाचलं जाईल आणि तुम्ही टेबलाशी बसाल.’

टेबलाशी तोवर बाई बसलेली नव्हती. मी त्या दिवशी लिंबाखाली उभी राहून रडले. मला ती जागा हवी होती. उगाच आडपडदा कशाला, मला ती जागा दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त हवी होती.

विषय ठरला, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत बायकांची भांडणं कशी मिटतात. हत्याराला हात न लावणाऱ्यांना समेटाचं भारी कौतुक, आणि त्या गावांत पुरुष अभ्यासकाशी बायका बोलणार नाहीत. मी दोन उन्हाळे शिरपूरच्या पुढं हिंडले. बस, मग बैलगाडी, मग पायी. भाकरी कळण्याची, पाणी वाळूत खणलेल्या झिऱ्याचं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण मला जवळूनही साजरेच वाटले.

तिथली समेटाची रीत मी पहिल्यांदा पाहिली ती दोन जावांची. मोहाची फुलं कुणी वेचायची यावरून दोघींत भांडण झालं होतं. एका झाडाखालची फुलं धाकटीनं पहाटे वेचली आणि थोरलीनं ती आपल्या टोपल्यात ओतली. हे निमित्त, मागचं बरंच काही असणार. गावातली चार जाणती माणसं जमली. दोघींना समोरासमोर बसवलं. दोघींनी एकमेकींच्या तोंडात गुळाचा मोठा खडा घातला. मग त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं तीनदा विचारलं, ‘काही उरनं का?’ म्हणजे मनात काही राहिलं का. तिन्ही वेळा दोघी गप्प. धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हातारा म्हणाला, मिटनं. मिटलं. लोक उठून गेले.

मीही रडले. ही क्षमा, असं माझ्या मनानं घेतलं. पुढं आणखी गावांत हेच पाहिलं. गूळ, तीनदा प्रश्न, तीनदा शांतता.

परत येऊन आबांना सांगितलं, तर ते खुर्चीतून उठून फेऱ्या घालू लागले. ‘तीनदा विचारतात? आणि मौन म्हणजे मान्यता? अहो, हे तर आपलंच आहे.’ छत्तीसगडचे भाऊ म्हणाले, पुस्तकात लिहिलेलं इथल्या मातीत आधीच उगवलेलं आहे. शपथवाल्या तरुणानं माझ्याशी हात मिळवला. त्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी खुशाल चढून बसले. निबंधाची सुरुवात मी त्या धाकट्या जावेपासून केली. गावाचं नाव घातलं नाही, पण ओढा, तीन मोहाची झाडं, पडका चौथरा, सगळं जसंच्या तसं लिहिलं.

आता स्वयंपाकघरातल्या अक्कांविषयी सांगायला हवं. अक्का पन्नाशीच्या, विधवा, पायथ्याच्याच कुठल्याशा गावच्या, दहा वर्षांपासून तिथं स्वयंपाकाला. वांग्याचं भरीत त्या असं करायच्या, की आबा जर्मन पत्रं टाकून येत. बोलणं कमी. कुठलाही निबंध मराठीत झाला की मी आधी तो अक्कांना वाचून दाखवायची. त्यांना कळला तर भाषा बरी जमली असं धरायचं. त्या पिठाचा हात न धुता ऐकायच्या आणि ‘समजनं’ म्हणायच्या. एवढ्या वर्षांत त्यांचं गाव नेमकं कुठलं, हे मी विचारलेलं नव्हतं. लिहिताना लाज वाटते, पण नव्हतं विचारलं.

त्या गुरुवारी सकाळी मी अख्खा निबंध त्यांना वाचून दाखवला. त्या ज्वारी निवडत होत्या. वाचून झाल्यावर मी विचारलं, ‘समजलं का, अक्का?’

‘समजनं.’

‘मग कसं वाटलं?’

त्यांनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, ‘तुमना आवाज चांगला शे.’

मला हे झोंबलं. दोन उन्हाळे मी पाय भाजून घेतले आणि या बाईला आवाज चांगला वाटला. तणतणतच मी बाहेर पडले.

दुपारी पारख भरली. मी वाचलं. वाचताना माझा आवाज दोनदा दाटून आला. खोटं सांगत नाही, त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटत होता. आबांनी पहिल्यांदा विचारलं, ‘कुणाला काही म्हणायचं आहे?’ कुणी बोललं नाही. बाहेर रहाटाचा आवाज येत होता. दुसऱ्यांदा विचारलं. कुणी बोललं नाही. स्वयंपाकघरातली माणसं ज्या बाकावर बसत, त्या बाकाकडे माझी नजर गेली. अक्का पायाच्या बोटांकडे बघत होत्या आणि पदराचं टोक दातात धरून बसल्या होत्या.

आवाज चांगला शे. ते पुन्हा डोक्यात गेलं. आणखी एकदा गप्प बसायचं होतं मला, फक्त एकदा, आणि सगळं माझं झालं असतं. पण गप्प बसणं माझ्या पत्रिकेत नाही.

‘आबा, थांबा,’ मी म्हटलं. ‘अक्का, तुमच्या मनात काहीतरी आहे. सकाळपासून आहे. एकदाचं बोलून टाका.’

सगळे दचकले. पारखीत कुणा एकाला असं बोट दाखवून विचारायची रीत नव्हती. ती जबरदस्ती मानली जायची. आबांनी हात वर केला. पण अक्का तोवर बोलल्या होत्या, आणि तेही माझ्याकडे न बघता.

‘आधी तोंडमा गूय घालतस,’ त्या म्हणाल्या, ‘मंग इचारतस. बाई बोली कशी?’

आधी तोंडात गूळ घालतात आणि मग विचारतात. बाई बोलणार कशी? इतकं साधं. तो खडा मोठा असतो, मी स्वतः पाहिला होता. आणि समेटाचा गूळ थुंकला तर बाई कायमची वाईट ठरते, हेही मला एका गावात कुणीतरी सांगितलं होतं. ते मी टिपूनसुद्धा ठेवलं होतं, वहीच्या दुसऱ्या टोकाला. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायची अक्कल मला झाली नाही. मलाच कशाला, टेबलाशी बसलेल्या तिघांनाही झाली नाही. शांततेवर प्रेम करणारी माणसं आम्ही. जिथं कुणी गप्प दिसेल तिथं शांतता आहे असं आम्हाला वाटायचं.

मग आबांनी फार हळू आवाजात विचारलं, ‘अक्का, तुम्ही दहा वर्षं या बाकावर बसता आहात. कधीच काही बोलला नाहीत. ते तुम्हाला मान्य होतं म्हणून?’

अक्का म्हणाल्या, ‘तठे तोंडमा गूय. आठे तुमनं मीठ खास ना मी.’

तिथं गूळ, इथं मीठ. आबा खाली बसले. त्या गुरुवारी तिसऱ्यांदा प्रश्न विचारला गेला नाही.

मी कशी वागले ते सांगते, कारण चांगलं तेवढंच सांगायचं असतं तर मी लिहायला बसले नसते. मी दोन दिवस अक्कांच्या हातचं जेवले नाही. चणे-फुटाणे खाऊन राहिले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. वाटायचं, या बाईनं माझं ताट ओढलं. सकाळी स्वयंपाकघरात सांगितलं असतं, तर मी निबंध मागे घेतला असता, चारचौघांत कशाला? आणि चारचौघांत मीच विचारलं होतं, हे लक्षात आलं की राग दुप्पट व्हायचा.

शनिवारी मी नाइलाजानं स्वयंपाकघरात गेले. मोकळं होण्याची रीत मला चुकवता येण्यासारखी नव्हती. मी म्हटलं, ‘अक्का, मी तुमच्यावर रागावले आहे.’

‘माले माहीत शे,’ त्या म्हणाल्या. ‘चणा खाईसन कोनी दोन दिन राहास का?’ आणि त्यांनी माझ्यापुढं ताट ठेवलं. मी जेवायला बसले, भूक तर लागलीच होती. मी अर्धी भाकरी खाईपर्यंत त्या थांबल्या. मग सांगितलं. मी निबंधात लिहिलेली ती धाकटी जाऊ त्यांची सख्खी धाकटी बहीण होती. ओढा आणि तीन झाडं ऐकल्याबरोबर त्यांनी ओळखलं होतं. बहिणीच्या तोंडात घातलेल्या गुळाला मी क्षमा म्हणत होते, आणि ते त्यांनी ज्वारी निवडत ऐकून घेतलं होतं.

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. मी म्हटलं, मला तिच्याकडे घेऊन चला. त्या चला म्हणाल्या.

आम्ही दोघी गेलो. बहिणीच्या घरी पाच दिवस राहिलो. मी वही पिशवीतच ठेवली. शेणानं सारवलं, पाणी भरलं, पळसाची पानं गोळा केली. माझ्या हातून पत्रावळ लागेना, त्यावर ती पोट धरून हसली. चौथ्या दिवशी ओढ्यावर कपडे धूत असताना ती आपण होऊन बोलू लागली. त्या दिवशी काय झालं होतं, गूळ तोंडात असताना ती मनात काय म्हणत होती, आणि नंतर तिनं काय केलं. अक्का शेजारी बसून नुसत्या कपडे आपटत होत्या. मी ऐकलं. दिवस मावळायच्या आत चौथऱ्यावर बसून सगळं लिहून काढलं.

त्यातून मी नवा निबंध लिहिला. जवळजवळ वर्ष लागलं. मधल्या काळात शाळेतही बरंच बदललं. आबांनी पारखीची रीत मोडून नवी केली. आता चहाच्या आधी बसायचं, आणि तीनदा हवेत प्रश्न फेकायचा नाही. एकेकाला त्याच्या जागेवर जाऊन विचारायचं, सुरुवात स्वयंपाकघराच्या बाकापासून. शिवाय आधी मान्य झालेले सगळे निबंध पुन्हा वाचायचे ठरले. तरुण अभ्यासकाचा जीव खालीवर झाला, आणि त्याची भीती खरी ठरली. माळीबुवा म्हणाले, शपथेवरचं तुमचं बरोबर असेल, पण गाईच्या शेपटीला हात लावून बोलणाऱ्याला तुम्ही खोटारडा म्हणता, ते मला चार वर्षांपासून सलतंय. त्या एका वाक्यापायी त्याला तीन प्रकरणं पुन्हा लिहावी लागली. झाडूवाली आबांना म्हणाली, तुम्ही पाय धुता, बरं करता, पण धुतलेलं पाणी मीच उचलते. आबांनी ते आपल्या पुस्तकात घातलं, आणि पुढच्या वेळेपासून पाण्याची परात स्वतः उचलली. आबांचं पुस्तक चार वर्षं लांबलं. ते म्हणायचे, आता ते पुस्तक होतंय. इतकी हसती-बोलती पारख मी आधी कधी पाहिली नव्हती. गुरुवारची वाट बघत आम्ही आठवडा काढायचो.

मग माझा गुरुवार आला. या खेपेला वाचताना माझा आवाज दाटला नाही. दाटू द्यायला वेळच नव्हता, वाक्यावाक्याला मला भीती वाटत होती. वाचून झालं तेव्हा छत्तीसगडच्या भाऊंनी चष्मा काढून पुसला. आबा उठून स्वयंपाकघराच्या बाकाकडे गेले. अक्का म्हणाल्या, ‘माले शेवटले इचारा.’

आबा पुढं गेले. माळीबुवा हो म्हणाले. झाडूवाली हो म्हणाली. विद्यार्थी एकामागून एक हो म्हणाले. तरुण अभ्यासक म्हणाला, या शाळेत आजवर लिहिलं गेलेलं हे सगळ्यांत चांगलं लिखाण आहे. राग सोडलेल्या माणसांना हेवाही सोडता येतो, हे त्या दिवशी मला दिसलं. आबा स्वतःचा होकार देऊन परत अक्कांपुढं येऊन उभे राहिले.

‘खरं शे,’ अक्का म्हणाल्या. ‘बठ्ठं खरं शे.’ सगळं खरं. आणि मग म्हणाल्या, ‘पन नही.’

आबांनी विचारलं, ‘का, अक्का?’

त्या उठल्या, खोली ओलांडून माझ्याकडे आल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बाई न म्हणता बोलल्या. ‘तिनी तुले सांगं, माय. जगले नही.’

तिनं तुला सांगितलं, जगाला नाही. मी बहिणीला विचारलं होतं का? विचारलं होतं. निघायच्या दिवशी, अंगणात, ‘हे मी लिहू ना?’ असं विचारलं होतं. तिची सासू दोन हात अंतरावर सूप पाखडत बसली होती आणि थोरली जाऊ दारात उभी होती. ती काही बोलली नाही. मी ते हो धरलं होतं. एवढं सगळं शिकून, त्यावरच निबंध लिहून, मी पुन्हा तेच केलं होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी आता पेटणार, असं त्यांना वाटलं असणार. शपथवाल्या तरुणानं तर खुर्ची जरा मागे घेतली. मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. आला. त्या एका क्षणात मी अक्कांचा, त्यांच्या बहिणीचा, आबांच्या नव्या रीतीचा, सगळ्यांचा राग केला. मग पारखीची नोंदवही उघडली. निर्णय लिहायचं काम माझंच होतं. माझ्या निबंधासमोर मी माझ्या हातानं लिहिलं, ‘मान्य नाही.’ अक्षर चांगलं आलं.

टेबलाशी मला जागा मिळाली ती पुढं दोन वर्षांनी, बाप्तिस्म्याच्या मराठी शब्दांवरच्या एका रुक्ष निबंधासाठी. तो सगळ्यांना मान्य झाला आणि आज कुणाच्या लक्षात नाही. अक्का आणि मी त्यानंतर जिवाभावाच्या झालो. त्या मला अगं म्हणायच्या, मी त्यांना तोंडाला येईल ते बोलायची, आणि शनिवारी दोघी एकमेकींकडे मोकळं व्हायला जाऊन तासभर गप्पा हाणायचो. बहिणीकडे मी अनेकदा गेले. पत्रावळ लावायला शिकले. निबंधाचं पुन्हा मी विचारलं नाही, आणि तिनंही काढलं नाही.

तो निबंध माझ्याजवळ आहे. आबा गेले, अक्का गेल्या, बहीणही गेली. थोरली जाऊ आणि सासू तर कधीच्याच गेल्या. आता कुणाला लागणार आहे, छापून टाका, असं मला पुष्कळजण सांगतात. हे लिहायला घेतलं तेव्हा माझाही हात तिकडे गेला. ओढ्यावर ती काय म्हणाली, हे वाचणाऱ्यांना हवं असणार, हे मला कळतं. पण होकार द्यायला आता अक्का आणि बहीण या दोघींपैकी कुणी नाही, तेव्हा अक्कांचा नकार चालूच आहे. ते मी इथं लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही.